स्वगती प्रशिक्षण: गती कोणाची, प्रश्न कोणाचा?

पुस्तकाची समीक्षा होते, नाटकाची होते, सिनेमाची तर दर शुक्रवारी होते. शिक्षकांसाठी तयार झालेल्या ऑनलाइन कोर्सची समीक्षा मात्र आमच्या वाचनात फारशी आलेली नाही. लाखो शिक्षकांनी एकच मजकूर, एकाच क्रमानं, शेवटच्या पानापर्यंत उघडावा, असं मराठीत दुसरीकडे कुठे घडतं? पाठ्यपुस्तक सोडलं तर जवळपास कुठेच नाही. म्हणून आज आम्ही या कोर्सकडे एक कृती म्हणून बघणार आहोत. त्यात चांगलं काय आहे, कच्चं काय आहे, आणि ते ज्याच्यासाठी बनवलं त्याच्यापर्यंत पोचतं का, हे तपासणार आहोत.

आधी 'आम्ही' म्हणजे कोण ते सांगायला हवं. आम्ही चौघं आहोत. दोघी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवतात, एक जण अनुदानित माध्यमिक शाळेत आहे आणि एक निवृत्त केंद्रप्रमुख आहेत. बोलतोय एक जण, पण टिपणं चौघांची आहेत. गेल्या वर्षी आम्ही एक साधा उद्योग केला. आधी पूर्ण केलेले काही कोर्स पुन्हा उघडले. पहिल्या वेळी ते सगळे करतात तसेच केले होते, म्हणजे संपवण्यासाठी. दुसऱ्या वेळी वही घेऊन बसलो आणि पुस्तक वाचावं तसे वाचले. कोणत्या कोर्सचं नाव आम्ही घेणार नाही, कारण तक्रार एका कोर्सची नाही. घडण सगळ्यांची सारखीच आहे आणि बोलायचंय ते त्या घडणीबद्दल.

जे श्रोते शिक्षक नाहीत त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. केंद्र सरकारचा 'दीक्षा' हा मंच २०१७च्या सप्टेंबरमध्ये सुरू झाला. 'निष्ठा' हा शिक्षक प्रशिक्षणाचा मोठा कार्यक्रम ऑगस्ट २०१९ मध्ये आला, तेव्हा तो समोरासमोर घ्यायचा होता आणि त्याचं लक्ष्य देशभरातल्या सुमारे ४२ लाख शिक्षकांचं होतं. मग कोविड आला, शाळा बंद झाल्या, आणि ऑक्टोबर २०२० पासून तोच कार्यक्रम 'दीक्षा'वर अठरा ऑनलाइन कोर्सच्या रूपात आला. २०२१ मध्ये माध्यमिक शिक्षकांसाठी आणि पायाभूत साक्षरता व संख्याज्ञानासाठी पुढचे टप्पे निघाले. आपल्या राज्यात आणखी एक गोष्ट घडली. बारा वर्षांच्या सेवेनंतर वरिष्ठ वेतनश्रेणी आणि चोवीस वर्षांनंतर निवडश्रेणी मिळते. तिच्यासाठी जे प्रशिक्षण लागतं, तेही २०२२ मध्ये ऑनलाइन झालं. म्हणजे कोर्स नुसता ज्ञानाशी नाही, पगाराशीही जोडला गेला. हे लक्षात ठेवू या, पुढे उपयोगी पडेल.

आता गुणांपासून सुरुवात करू, कारण गुण खरे आहेत.

ज्यांनी जुनी प्रशिक्षणं पाहिली आहेत त्यांना आठवत असेल. पुण्याला तज्ज्ञ बोलायचे, ते जिल्ह्याचे साधनव्यक्ती ऐकायचे, ते तालुक्याला सांगायचे, तालुक्याचे केंद्राला. आपण लहानपणी कानगोष्टी खेळायचो ना, तसं. पहिल्यानं 'मुलांना अंदाज बांधू द्या' म्हटलेलं शेवटच्यापर्यंत 'अंदाजपत्रक तयार करा' होऊन यायचं. ही अतिशयोक्ती झाली, पण फार नाही. ऑनलाइन कोर्सनं ही साखळी तोडली. मूळ माणूस जे बोलला तेच शेवटच्या वाडीवरच्या शिक्षकानं ऐकलं. हा मोठा फायदा आहे.

दुसरा गुण, थांबवता येतं आणि मागे नेता येतं. सभागृहात चाळीस जणांसमोर 'मला कळलं नाही, पुन्हा सांगा' म्हणायला अजूनही धीर लागतो. फोनवर ते बोटाच्या एका स्पर्शानं होतं. आमच्यातल्या एकीनं वाचनपूर्व तयारीवरचा एक भाग चार वेळा पाहिला. तिच्या शब्दांत सांगायचं तर, "पंचवीस वर्षांत पहिल्यांदा कोणी माझ्यावर न वैतागता मला चार वेळा तेच सांगितलं."

तिसरा गुण शिक्षिकांशी संबंधित आहे. तालुक्याच्या ठिकाणी दहा दिवस जायचं म्हणजे घरातली व्यवस्था लावायची, लहान मूल असेल तर त्याला कोणाकडे तरी ठेवायचं, शेवटची एसटी गाठायची. त्या सगळ्यातून सुटका झाली. हे गुण आम्ही शिष्टाचार म्हणून सांगत नाही. दोष सांगून झाल्यावर कोणी 'मग पूर्वीचंच बरं होतं' असा अर्थ काढू नये म्हणून आधीच नोंदवतोय.

आता घडणीकडे. बहुतेक कोर्स असे असतात: सुरुवातीला उद्दिष्टं, मग काही व्हिडिओ, वाचायला थोडा मजकूर, मध्येमध्ये एखादी कृती, एक जागा जिथे आपले विचार लिहायचे, आणि शेवटी बहुपर्यायी प्रश्नांची चाचणी. ठरावीक टक्के गुण पडले की प्रमाणपत्र. पडले नाहीत तर पुन्हा प्रयत्न. कालावधी साधारण तीन-चार तास. या सगळ्याला नाव आहे 'स्वगती', म्हणजे ज्यानं त्यानं आपापल्या गतीनं शिकायचं.

आम्ही यातली तीन 'पानं' जरा निरखून वाचली.

पहिलं पान व्हिडिओचं. यातला वर्ग बघा. पंधरा-वीस मुलं, स्वच्छ गणवेश, गोलात बसलेली, प्रत्येकाच्या हातात साहित्य. शिक्षिका प्रश्न विचारते, मूल बरोबर उत्तर देतं. कोणाचं नाक वाहत नाही. मधूनच कोणी 'मॅडम, हा मारतो' म्हणत नाही. पोषण आहाराचा तांदूळ उतरवायला टेम्पो येत नाही. दोन शिक्षकांवर चार इयत्ता ही महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांची रोजची स्थिती आहे, ती आम्ही पाहिलेल्या चित्रीकरणात जवळजवळ नव्हतीच. आमचं म्हणणं असं नाही की गरिबी दाखवा. आमचं म्हणणं एवढंच की चूक दाखवा. शिक्षिका चुकली, पाठ फसला, मग तिनं काय केलं, हे आम्हाला बघायचं होतं. स्वयंपाक शिकवणारीसुद्धा सांगते की पोळी फुगली नाही तर काय करायचं. इथे प्रत्येक पोळी फुगलेलीच.

दुसरं पान चाचणीचं. बहुपर्यायी प्रश्नात एक मजा असते. चार पर्यायांतला जो सगळ्यांत लांब आणि सगळ्यांत सज्जन, तो बहुधा बरोबर. 'मूल चुकल्यास शिक्षकाने काय करावे?' असं विचारून 'रागवावे', 'दुर्लक्ष करावे', 'पालकांना बोलवावे' आणि 'मुलाच्या विचारप्रक्रियेचा शोध घेऊन त्यास पुन्हा संधी द्यावी' असे पर्याय ठेवले, तर कोर्स न बघताही उत्तर येतं. हा नमुना आम्हीच तयार केलाय, पण शिक्षक श्रोत्यांना तो ओळखीचा वाटेल. असा प्रश्न फार तर शिक्षकाला योग्य भाषा येते का हे तपासतो. त्याला ती गोष्ट करता येते का, हे तो तपासू शकत नाही. बालकेंद्री भाषा आपल्या सगळ्यांना आता उत्तम येते. तपासणीला कोणी आलं की आम्ही ती बोलतोही.

तिसरं पान विचार लिहिण्याच्या चौकटीचं. हे आम्हाला सगळ्यांत जास्त खुपलं. तिथे लिहायला सांगतात की तुमच्या वर्गातला अनुभव नोंदवा. पहिल्या वेळी आमच्यातल्या एकानं खरंच लिहिलं. पाऊण तास घालवून, सहावीतल्या एका मुलाबद्दल, जो तोंडी सगळं सांगतो पण लिहायला बसला की गप्प होतो. लिहून पाठवलं. उत्तर आलं नाही. येणारही नव्हतं, कारण पलीकडे कोणी बसलेलं नव्हतं. त्याच्या वर-खाली शेकडो नोंदी होत्या: 'खूप छान', 'उपयुक्त माहिती', 'धन्यवाद'. पुढच्या कोर्सला त्यानंही लिहिलं, 'खूप छान'. यात त्याचा दोष किती आणि चौकटीचा किती, हे श्रोत्यांनीच ठरवावं.

इथे आम्हाला एक कबुली द्यायची आहे, नाहीतर ही समीक्षा अप्रामाणिक होईल. मुदत जवळ आली की व्हॉट्सॲपवर उत्तरांची पीडीएफ फिरते. ती आमच्याकडे आली होती आणि आम्ही ती पुढे पाठवलीही होती. चौघांपैकी तिघांनी. व्हिडिओ एका बाजूला चालू ठेवून वह्या तपासल्या. एकीनं तर वर्गात फोन टेबलावर उभा करून ठेवला. मुलं पाढे म्हणत होती आणि फोनमधला आवाज मुलांशी संवाद साधण्याचं महत्त्व सांगत होता. आज सांगताना हसू येतं, पण तेव्हा नंतर वाईट वाटलं होतं. ज्या मुलांसाठी हे सगळं चाललंय, ती समोर बसलेली होती आणि आमचं लक्ष टक्केवारीच्या पट्टीकडे होतं.

असं का झालं? आम्ही आळशी म्हणून? काही अंशी असेल. पण एक तुलना बघा. हार्वर्ड आणि एमआयटी या विद्यापीठांच्या खुल्या ऑनलाइन कोर्सचा अभ्यास जस्टिन राइश आणि होसे रुईपेरेझ-व्हॅलिएंते यांनी २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात मांडला. २०१७-१८ मध्ये कोर्समध्ये आलेल्यांपैकी जेमतेम तीन टक्के लोकांनी तो पूर्ण केला होता. तिथे कोणाची सक्ती नाही, म्हणून लोक मध्येच सोडून जातात. आपल्याकडे उलट आहे. कोणी सोडू शकत नाही, म्हणून सगळे पूर्ण करतात. तिथला आकडा पाहून लोक म्हणतात, कोर्स फसला. इथला आकडा पाहून आपण म्हणतो, कोर्स यशस्वी झाला. दोन्ही ठिकाणी शिकणं किती झालं, हे त्या आकड्यातून कळत नाही. तिथे तीन टक्क्यांबाहेरच्या एखाद्यानं हवा तो एक धडा बघून वर्गात वापरला असेल. इथे शंभरातल्या शंभरांनी प्रमाणपत्र छापून फाइलला लावलं असेल.

मग 'स्वगती' उरली कुठे? वेळ आम्ही निवडू शकतो, रात्री अकरा की पहाटे पाच, एवढंच. अमुक तारखेपर्यंत संपवा, हे वरून येतं. कोणता कोर्स, हे वरून येतं. किती मिनिटांत काय, तेही ठरलेलं. तालुक्याच्या ग्रुपवर रोज संध्याकाळी यादी पडते, कोणाचे किती टक्के झाले याची, आणि आपलं नाव लाल रंगात असतं. घोड्याला तू तुझ्या चालीनं चाल म्हणायचं आणि चाबूक हातात ठेवायचा, असा हा प्रकार आहे.

यात नवल असं की धोरणात असं म्हटलेलं नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शिक्षकांच्या सातत्यपूर्ण व्यावसायिक विकासासाठी वर्षाला किमान पन्नास तासांची अपेक्षा आहे, हे सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच वाक्यात असंही आहे की हे शिक्षकांच्या स्वतःच्या आवडीनिवडीनुसार व्हावं. पन्नास हा आकडा खाली येईपर्यंत टिकला. आवड तेवढी वाटेत गळून पडली. कानगोष्टींचा खेळ संपला असं आम्ही मघाशी म्हणालो. इथे तो पुन्हा झालेला दिसतो.

आता आमच्याकडे घडलेली एक गोष्ट सांगतो. मुद्दा तिच्यातूनच कळेल.

एका कोर्समध्ये प्रश्न विचारल्यावर थांबण्याबद्दल एक भाग होता. यामागे जुनं संशोधन आहे. मेरी बड रो नावाच्या अमेरिकी अभ्यासक होत्या. वर्गांची ध्वनिमुद्रणं ऐकून त्यांनी १९७०च्या दशकात दाखवलं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एक सेकंदच थांबतात. उत्तर आलं नाही की प्रश्न पुन्हा विचारतात, दुसऱ्याकडे वळतात किंवा स्वतःच सांगून टाकतात. तेच जर तीन सेकंदांपर्यंत थांबलं, तर मुलांची उत्तरं लांब होतात, 'माहीत नाही' कमी होतं, एरवी गप्प बसणारी मुलं बोलू लागतात. चाचणीत यावर प्रश्न होता. आमच्यातल्या दुसरीच्या बाईंनी बरोबर उत्तर दिलं होतं. गुण मिळाले होते.

दुसऱ्या वाचनाच्या वेळी त्या म्हणाल्या, "बघू तरी मी किती थांबते." फोनवर स्वतःच्या वर्गाचा वीस मिनिटांचा आवाज घेतला. आम्ही दोघांनी घड्याळ लावून मोजलं. वीस मिनिटांत त्यांनी तीस-पस्तीस प्रश्न विचारले होते आणि एका सेकंदापेक्षा जास्त त्या दोनदाच थांबल्या होत्या. त्यातल्या एका वेळी खडू शोधत होत्या. बाई रडवेल्या झाल्या. म्हणाल्या, "मला तर वाटत होतं मी थांबते."

ज्याचं प्रमाणपत्र त्यांच्याकडे होतं, तीच गोष्ट त्या करत नव्हत्या, आणि करत नाही हे त्यांना ठाऊकही नव्हतं. कोर्सनं सांगितलेलं खरं होतं. चाचणीतलं उत्तरही खरं होतं. पण त्यांचा स्वतःचा वर्ग त्यांना कोणी दाखवला नव्हता.

मग पुढचे पंधरा दिवस त्या थांबायचा सराव करत होत्या. मनातल्या मनात 'एक हत्ती, दोन हत्ती, तीन हत्ती' मोजायच्या. आणि एक दिवस असं झालं. त्यांनी सांगितलं, 'एकोणचाळीस' लिहा. एका मुलीनं पाटीवर ४९ लिहिलं. एरवी त्या म्हणाल्या असत्या, 'चूक, तीन आणि नऊ', आणि पुढे गेल्या असत्या. त्या दिवशी त्यांनी विचारलं, "हे कसं लिहिलंस?" आणि थांबल्या. एक हत्ती, दोन हत्ती. मुलगी म्हणाली, "चाळीस ऐकू आलं ना, म्हणून चार. आणि एकोणला नऊ."

बघा ना, केवढा विचार आहे त्यात. एक्केचाळीस ते अठ्ठेचाळीस या आठही संख्यांना तिचा नियम बरोबर लागू पडतो: 'चाळीस' ऐकू आलं की चार. 'एकोण' म्हणजे नऊ, हेही तिनं स्वतः शोधलेलं, आणि एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत तेही बरोबर. दोन बरोबर नियम एकत्र आले आणि उत्तर चुकलं. ही चूक त्या मुलीच्या बेसावधपणाची नाही, आपल्या संख्यानामांच्या रचनेची आहे. 'एकोण' म्हणजे एक कमी. तिला 'चाळीस' ऐकायचं आणि चार लिहायचा नाही, असा उलटा प्रवास करावा लागतो.

हा प्रश्न नवा नाही. २०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' अशी वाचनाची पद्धत आली, तेव्हा महाराष्ट्रभर केवढा वाद झाला ते आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. कन्नड, तेलुगूसारख्या भाषांत दशक आधी बोलला जातो आणि मुलांना ते सोपं जातं, असा मुद्दा होता. विनोद झाले, अग्रलेख आले, विधिमंडळापर्यंत विषय गेला. कोणाची बाजू बरोबर होती, हा आजचा विषय नाही. पण त्या वादात जवळजवळ सगळे बोलले, आणि ज्यांच्या वर्गात 'एकोणचाळीस' रोज लिहिलं जातं, त्या शिक्षकांना तो प्रश्न घेऊन बसायला त्यांच्या प्रशिक्षणात आजही जागा नाही. आम्ही पाहिलेल्या कोर्समध्ये संख्याज्ञानाचं तत्त्व छान समजावलेलं होतं. 'एकोण'चं काय करायचं, हे आम्हाला तिथे सापडलं नाही. अनेक भाषांसाठी एकच साचा असला की असंच होणार.

बाईंनी तो प्रश्न केंद्राच्या शिक्षण परिषदेत नेला. परिषद म्हणजे एका केंद्रातल्या शाळांचे शिक्षक महिन्यातून एकदा एकत्र बसतात ती. एरवी तिथे परिपत्रकं वाचून दाखवणं आणि माहिती भरणं हेच जास्त चालतं. त्या दिवशी पाऊण तास 'एकोण'वर गेला. शेजारच्या वाडीवरचे एक गुरुजी, एरवी मागे बसून पेंगणारे, पुढे आले आणि काड्या मागितल्या. दहा-दहाचे चार गठ्ठे ठेवले. म्हणाले, "हे चाळीस. आता 'एकोण' म्हणजे एक काढायची. काढा." काढायची तर गठ्ठा सोडावा लागतो. सोडला. उरले तीन गठ्ठे आणि नऊ सुट्या काड्या. तीन आणि नऊ. एवढंच.

बाईंनी दुसऱ्या दिवशी वर्गात तेच केलं. सगळ्यांना लगेच आलं असं नाही. दोन मुलं पुढचे कितीतरी दिवस ४९च लिहीत होती. पण बाईंना आता ती का लिहितात हे माहीत होतं, आणि त्या मुलांवर चिडत नव्हत्या. आमच्या मते प्रशिक्षण झालं ते हे.

त्यात कोर्सचा वाटा होता का? नक्की होता. थांबायचं असतं हे कोर्सनंच सांगितलं. पण त्याच्या पुढच्या पायऱ्या कोर्सच्या बाहेर होत्या: स्वतःचा वर्ग ऐकणं, कोणीतरी शेजारी बसून मोजणं, पुन्हा करून बघणं, अडलेलं चारचौघांत मांडणं. ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८० साली सेवांतर्गत प्रशिक्षणाच्या संशोधनाचा आढावा घेतला होता. त्यांनी पाच गोष्टी सांगितल्या: तत्त्व समजावणं, करून दाखवणं, सराव, त्यावर प्रतिसाद, आणि प्रत्यक्ष वर्गात सोबत राहून मदत. शेवटच्या गोष्टीशिवाय शिकलेलं वर्गापर्यंत पोचणं अवघड, असं त्यांचं म्हणणं होतं. आपले स्वगती कोर्स पहिल्या दोन पायऱ्या बऱ्यापैकी करतात. उरलेल्या तीन करत नाहीत, आणि प्रमाणपत्र मात्र पाचही झाल्यासारखं देतात. आमची मुख्य तक्रार हीच आहे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. लाखो शिक्षकांच्या शेजारी घड्याळ घेऊन कोण बसणार? माणसं कुठून आणायची? आमचं उत्तर असं की नवी माणसं लागणार नाहीत. महाराष्ट्रात १९९०च्या दशकापासून केंद्रशाळांची रचना आहे, ४,८६० केंद्रांची. शेजारच्या शाळेतल्या शिक्षकानं महिन्यातून एकदा येऊन पाठ ऐकावा आणि काय दिसलं ते सांगावं, हे या रचनेत बसू शकतं. केंद्रप्रमुखांच्या कितीतरी जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहतात आणि जे आहेत ते माहिती गोळा करण्यात बुडालेले असतात, हे आमचे निवृत्त सहकारी स्वतःच्या अनुभवावरून सांगतात. ऑनलाइन कोर्स आल्यामुळे या रचनेची गरज संपली, असं जर कोणाला वाटत असेल तर ते उलटं आहे. तत्त्व सांगायचं काम आता फोननं घेतलंय, म्हणून केंद्राला पहिल्यांदाच मोकळा वेळ मिळू शकतो, पुढच्या तीन पायऱ्यांसाठी.

मग आमचं मागणं काय? फार नाही. कोर्स ठेवा, पण त्याला पुस्तकाचा दर्जा द्या. पुस्तक वाचलं म्हणून कोणी प्रमाणपत्र देत नाही, आणि पुस्तक मध्येच सोडलं म्हणून कोणाचं नाव लाल रंगात येत नाही. प्रमाणपत्र द्यायचंच असेल, तर कोर्समधली एक गोष्ट वर्गात करून पाहिली, सहकाऱ्यानं ती पाहिली आणि काय फसलं याचं एक पान लिहिलं, यावर द्या. फसलं ते लिहिल्यावर गुण कापले जाणार नाहीत, याची खात्री द्या. विचार लिहायची चौकट ठेवायची असेल तर पलीकडे माणूस बसवा. तो त्याच केंद्रातला असला तरी चालेल. पन्नास तासांपैकी निम्मे तरी शिक्षकाला स्वतःच्या प्रश्नासाठी द्या. आणि वेतनश्रेणीचा हक्क व्हिडिओच्या टक्केवारीला बांधू नका. जिथे पगार अडकतो, तिथे माणूस शिकायला नाही, सुटायला बसतो.

शिक्षक मित्रांना मात्र आम्ही वेगळं सांगू. हे सगळं शासन करेल तेव्हा करेल. तोपर्यंत एक गोष्ट आपल्या हातात आहे. पुढचा कोर्स आला की तो एकट्यानं संपवू नका. शेजारच्या शाळेतला एक जण बरोबर घ्या. त्यातली एकच गोष्ट निवडा, अगदी लहान. स्वतःच्या वर्गाचा वीस मिनिटांचा आवाज घ्या आणि दोघं मिळून ऐका. पहिल्यांदा ऐकवत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आपलाच आवाज असतो, आणि मुलांचा फार कमी.

आणि ती उत्तरांची पीडीएफ आली तर? आम्ही आता पुढे पाठवत नाही. मोठं सत्कृत्य म्हणून हे सांगत नाही. पूर्वी पाठवत होतो हे मघाशी सांगितलं, म्हणून हेही सांगायला हवं. प्रश्न आहेत ते आमच्या वर्गात आहेत, आणि त्यांची उत्तरं त्या पीडीएफमध्ये नाहीत. त्या मुलीच्या पाटीवरचं ४९ तर नाहीच नाही.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर विचारा. आम्ही तीन सेकंद थांबू, घाई नाही.